‘ओडेसी अँड ओरॅकल’: मोनो घ्या, सलग ऐका

द झॉम्बीज हा साठच्या दशकातला इंग्लिश बँड. त्यांचं नाव काढलं की बहुतेकांना ‘टाइम ऑफ द सीझन’ आठवतं. बासची ती दबकी चाल, मध्येच येणारा उच्छ्वास, टाळी आणि पुढे ऑर्गन. साठचं दशक दाखवायचं असलं की सिनेमावाले आणि जाहिरातवाले हमखास हेच गाणं लावतात. त्यामुळे ज्या अल्बमचं ते शेवटचं गाणं आहे, तो ‘ओडेसी अँड ओरॅकल’ मात्र ‘हिट गाण्यामागचं बाकीचं सामान’ म्हणून बाजूला पडतो. खरं तर सामान उलट्या बाजूला आहे. उरलेल्या अकरा गाण्यांपैकी निदान सहा या हिट गाण्याच्या तोडीची आहेत, आणि दोन त्याहून सरस.

आधी थोडी पार्श्वभूमी. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं गाव आहे, तिथली ही पाच पोरं. रॉड अर्जंट कीबोर्डवर, कॉलिन ब्लनस्टोन गायला, क्रिस व्हाइट बासवर, पॉल ॲटकिन्सन गिटारवर आणि ह्यू ग्रंडी ड्रम्सवर. १९६४ मध्ये ‘शीज नॉट देअर’ अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, पुढच्या वर्षी ‘टेल हर नो’ सहाव्यावर, आणि मग उतरण लागली. १९६७ मध्ये सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला तेव्हा त्यांनी एकच अट धरली: निर्मिती आम्ही स्वतः करणार. कंपनीने सगळ्या अल्बमसाठी हातावर टेकवले १,००० पौंड.

हा आकडा लक्षात ठेवूनच अल्बम ऐकावा. बीटल्सने त्याच सुमारास त्याच इमारतीत, म्हणजे ॲबी रोडच्या ईएमआय स्टुडिओत, ‘सार्जंट पेपर’ या अल्बमसाठी महिनेच्या महिने घालवले होते. झॉम्बीजना ती चैन परवडणारी नव्हती. म्हणून गाणी आधी तालमीत घोटून घ्यायची, कोण कुठला सूर धरणार ते ठरवूनच स्टुडिओत शिरायचं आणि तीन तासांच्या सत्रात काम उरकायचं, असा खाक्या राहिला. ईएमआयच्या करारात नसलेल्या बँडला तिथे जागा मिळणं त्या काळी दुर्मिळच. यांना ती १९६७च्या जूनमध्ये मिळाली, आणि सोबत जेफ एमरिक व पीटर व्हिन्स हे इंजिनिअरही. मधल्या काळात ॲबी रोड मोकळं नव्हतं तेव्हा काही गाणी ऑलिंपिक स्टुडिओत झाली. नोव्हेंबरपर्यंत काम आटोपलं.

हा अल्बम सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या अनुभवासारख्या संगीतात मोडतो. सायकेडेलिक म्हटलं की उलट्या फिरवलेल्या टेप, पंधरा मिनिटांची गिटार आणि धूर डोळ्यांसमोर येतो. यातलं इथे जवळपास काही नाही. इथली नशा स्वरमेळाची आहे, एका सुरावरून दुसऱ्यावर अचानक सरकणाऱ्या चालींची आहे. प्रयोग करत बसायला पैसा नव्हता म्हणून प्रत्येक आवाज कामाचा आहे, भरताड नाही. त्या काळच्या कितीतरी महागड्या अल्बमांतले इफेक्ट आज हास्यास्पद वाटतात. याच्या बाबतीत तसं झालेलं नाही, याचं मोठं कारण हीच काटकसर.

ध्वनिमुद्रण चार ट्रॅकच्या टेपवर. चार ट्रॅक म्हणजे एकावर ड्रम्स आणि बास, दुसऱ्यावर पियानो, तिसरा-चौथा गायनाला, आणि संपले. आणखी काही घालायचं तर आधीचे चार एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे. असं एकदा केलं की ड्रम्स आणि पियानोचं प्रमाण पुन्हा बदलता येत नाही, आणि प्रत्येक उतरवणीला टेपची खरखर वाढत जाते. मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) आणि स्टिरिओ (डावीकडे-उजवीकडे वेगळा आवाज) यांच्या भानगडीचं मूळ इथेच आहे. तिकडे पुढे येऊच.

अल्बमवरचा सर्वांत ओळखू येणारा आवाज मेलोट्रॉनचा. हे वाद्य बीटल्सच्या सत्रांनंतर स्टुडिओतच राहिलं होतं आणि ते जॉन लेननचं होतं, असं रॉड अर्जंट सांगत आला आहे. बर्मिंगहॅमला बनणाऱ्या या मार्क टू मॉडेलमध्ये पट्ट्यांच्या दोन ओळी असतात, प्रत्येकीत ३५. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक लांब फीत असते आणि तिच्यावर त्या एका सुरात वाजवलेलं खरं व्हायोलिन किंवा खरी बासरी मुद्रित केलेली असते. पट्टी दाबली की फीत फिरत्या दांड्याला आणि हेडला चिकटते व सूर सुरू होतो. सोडली की स्प्रिंग फितीला मागे ओढते. फितीची लांबी सुमारे आठ सेकंदांची. नवव्या सेकंदाला शांतता. त्यामुळे मेलोट्रॉनवर सूर धरून बसता येत नाही, सतत बोटं बदलत राहावं लागतं. फितीचा वेग किंचित डगमगतो, म्हणून सूरही किंचित हलतो. ‘हंग अप ऑन अ ड्रीम’मध्ये व्हायोलिनचा जो ताफा उसळून येतो तो हाच. वाद्यवृंद बोलवायला पैसे नव्हते, आणि बोलवला असता तर ते जरासं आजारी, स्वप्नातल्यासारखं हलणं गेलं असतं. ‘चेंजेस’मधली बासरीही याच यंत्रातली.

आता गाणी. पाच अर्जंटची, सात व्हाइटची. गाजावाजा अर्जंटचा जास्त होतो, पण अल्बमचा गाभा व्हाइटने लिहिला आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘केअर ऑफ सेल फोर्टी फोर’ने सुरुवात होते. पियानो उड्या मारतोय, चाल कोवळ्या उन्हासारखी, आणि गाणारा प्रेयसीला पत्र लिहितोय की तू येणार म्हणून घर तयार ठेवलंय. ती कुठून येणार हे कडव्यांतून हळूहळू कळतं: तुरुंगातून. दु:खाला आनंदी चाल लावण्याची युक्ती नवी नाही, पण इथे गाणारा खरोखरच आनंदात आहे आणि म्हणूनच ते चटका लावतं. मध्ये वाद्यं थांबतात आणि नुसते गळे उरतात, तो भाग दोनदा ऐकावा. एकदा वरचा आवाज धरून, एकदा खालचा. आणि बास ऐका. व्हाइट नुसता ठेका धरत नाही, गाण्याच्या खाली दुसरी चाल विणतो. फोनच्या स्पीकरवर हे सगळं गायब होतं. बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर असते, फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. साधे पण कानात नीट बसणारे हेडफोन त्यापेक्षा कितीतरी बरे.

‘अ रोझ फॉर एमिली’मध्ये फक्त पियानो आणि गळे. नाव अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरच्या कथेवरून, गोष्ट मात्र वेगळी. सगळ्यांसाठी फुलं येतात, एमिलीसाठी कधीच येत नाहीत. सव्वादोन मिनिटांत एक आयुष्य संपतं. ‘मेबी आफ्टर ही’ज गॉन’ चांगलं आहे, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. ‘बीचवुड पार्क’ मात्र अस्सल. हर्टफर्डशरमधलं हे खरं ठिकाण, आज तिथे शाळा आहे. गिटारचा आवाज लेस्ली स्पीकरमधून (त्याच्या आत भोंगा गरगर फिरतो) फिरवलेला असल्याने पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. उन्हाळ्यातल्या पावसानंतरचं गाणं आहे आणि अल्बमवर सायकेडेलिक हा शब्द सर्वांत शोभतो तो इथे.

‘ब्रीफ कँडल्स’मध्ये कडवी वेगवेगळ्या गळ्यांना वाटून दिली आहेत. ब्लनस्टोनचा श्वासाळलेला, रेशमी आवाज आणि व्हाइटचा साधा, थोडा कच्चा आवाज यांतला फरक ओळखायला हे गाणं उत्तम, कारण पुढे ‘बुचर्स टेल’मध्ये तोच कच्चा आवाज सगळा भार उचलतो.

‘बुचर्स टेल’बद्दल वेगळं सांगायला हवं. एक खाटीक पहिल्या महायुद्धात शिपाई झालाय, समोर जे पाहिलं त्याने त्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत. गायला एकटा व्हाइट, साथीला जवळजवळ फक्त पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन. संगीत नाटकातल्या पायपेटीची सवय असलेल्या मराठी कानाला हा आवाज लगेच ओळखीचा वाटेल: तोच किंचित नाकातला सूर, भात्याचा दाब कमी-जास्त झाला की सुराचं तसंच फुगणं आणि बसणं. तिथे तो नटाच्या गळ्याला आधार देतो. इथे गाणाऱ्याइतकाच धाप लागल्यासारखा वाजतो. शीर्षकात १९१४ लिहिलंय, पण गाण्यात येणारी गॉमकूर, थिपवाल, मामेट्झ वुड, व्हर्दां ही सगळी नावं १९१६च्या लढायांची. अमेरिकेतल्या कंपनीने, व्हिएतनाम पेटलेलं असताना, पहिलं सिंगल (सुट्या गाण्याची रेकॉर्ड) म्हणून नेमकं हेच गाणं काढलं. ते चाललं नाही. रेडिओवर चालण्यासारखं ते गाणंच नाही. अल्बमवर मात्र ते नसतं तर बाकीची गोडी अंगावर आली असती.

कमकुवत बाजू कुठली? ‘आय वाँट हर शी वाँट्स मी’ गोंडस आहे, त्यापलीकडे नाही. ‘फ्रेंड्स ऑफ माइन’मध्ये बँडच्या ओळखीतल्या जोडप्यांची नावं पार्श्वगायनात घेतली आहेत, कल्पना छान, गाणं हलकं. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये १९६७ मध्ये पहिलं सिंगल म्हणून काढलं ते हेच, आणि ते पडलं. पाठोपाठ ‘केअर ऑफ सेल फोर्टी फोर’ही पडलं. गाणी निवडण्यात या मंडळींचा आणि त्यांच्या कंपन्यांचा हात कायम चुकत गेला.

‘टाइम ऑफ द सीझन’ सगळ्यांत शेवटी. गाणं अर्जंटचं, नुकतंच लिहिलेलं, आणि तो ब्लनस्टोनला कुठली ओळ कशी म्हणायची ते पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ब्लनस्टोन वैतागून ‘मग तूच गा’ इथवर आल्याचं दोघेही सांगतात. गाण्यातला तो थंड, हातचं राखून म्हटलेला स्वर ऐकताना हे आठवलं तर हसू येतं.

पुढचं सगळं वरातीमागून घोडं. १९६७च्या डिसेंबरात बँड मोडला. एप्रिल १९६८ मध्ये अल्बम इंग्लंडमध्ये आला आणि कोणी विचारलं नाही. अमेरिकेत कोलंबिया कंपनी तो काढायलाच तयार नव्हती. तिथे नव्यानेच रुजू झालेल्या अल कूपरने लंडनहून येताना ही रेकॉर्ड आणली होती, त्याने आग्रह धरला म्हणून ती डेट या उपलेबलवर निघाली. १९६९ मध्ये ‘टाइम ऑफ द सीझन’ बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रियता यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं तेव्हा दौऱ्यावर जायला बँडच नव्हता. ती जागा तोतया झॉम्बीजनी भरली. त्यांतल्या टेक्सासच्या एका टोळीत डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड होते, पुढचे झीझी टॉप या बँडवाले.

आता विकत घेण्याचं. इथे घाईत चुकीची आवृत्ती घरी येते.

बँडने मन लावून जे मिक्स (सगळ्या ट्रॅकचं एकत्रीकरण) केलं ते मोनो. पैसे संपल्यावर सीबीएसने स्टिरिओ मागितलं. अर्जंट आणि व्हाइट यांनी २०० पौंडांची पदरमोड करून ते केलं. एका गाण्यावर मात्र इलाजच नव्हता. ‘धिस विल बी अवर इयर’मधली ट्रंपेटसारखी फुंकवाद्यं बँडचा आधीचा निर्माता केन जोन्सने थेट तयार मोनो मिक्सवर चढवली होती, म्हणजे ती वेगळ्या ट्रॅकवर नव्हतीच. म्हणून पहिल्या स्टिरिओ रेकॉर्डवर या गाण्याचं बनावट स्टिरिओ केलं गेलं. बनावट म्हणजे एकच आवाज दोन बाजूंना वेगवेगळा गाळून, खालचे सूर एकीकडे आणि वरचे दुसरीकडे असा दिखावा. हेडफोनवर ते पोकळ, डब्यातून आल्यासारखं लागतं. नंतरच्या काही आवृत्त्यांत फुंकवाद्यं गाळलेलं खरं स्टिरिओ आहे, तर काहींत सरळ मोनोच. तपासायची सोपी रीत: हे गाणं लावा. फुंकवाद्यं मध्यभागी, ठणठणीत वाजत असतील तर मोनो. ती वाजतात पण आवाज दोन्हीकडे विस्कटलेला असेल तर बनावट. ती नाहीतच तर नवं मिक्स, जे अभ्यासाला ठीक, पण या गाण्याची मजा फुंकवाद्यांत आहे.

स्टिरिओ टाकाऊ नाही. चार ट्रॅकमुळे वाद्यं गठ्ठ्याने एका बाजूला जाऊन बसतात, त्यामुळे स्वरमेळातले गळे सुटे करून ऐकायला ते सोयीचं पडतं. रोजच्या ऐकण्याला मात्र मोनो: बास आणि ड्रम्सना वजन येतं आणि गळे एकजीव होतात. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधलं मोनो ऑडिओ सुरू करून स्टिरिओची मोनो करता येते, पण ती ही मोनो नव्हे. तसं केल्यावर मधले आवाज वर येतात आणि कडेचे मागे पडतात. मूळ मोनोत प्रत्येकाचं प्रमाण हाताने ठरवलेलं आहे. स्ट्रीमिंगवर विस्तारित आवृत्तीत हीच बारा गाणी दोनदा असू शकतात, मागे डेमो आणि पर्यायी मिक्सची शेपूट. पहिल्या फेरीत ‘मोनो’ लिहिलेली बारा गाणी वेगळी काढून क्रमाने लावा, शफल बंद ठेवून. एकूण ३५ मिनिटांचा मामला आहे.

सीडी घ्यायची तर बिग बीट या लेबलची १९९८ची तिसाव्या वर्धापनाची आवृत्ती सर्वांत किफायतशीर, स्टिरिओ आणि मोनो दोन्ही एकाच तबकडीवर. बँडचं सगळंच काम हवं असेल तर त्याच लेबलचा १९९७चा ‘झॉम्बी हेवन’ हा चार सीडींचा संच.

रेकॉर्ड घेणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नव्याने छापलेल्या तबकडीत भोक केंद्रात नसणं. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असलं तरी बाजू निम्मी वाजल्यावर सूर साधारण अर्धा टक्का वर-खाली होतो. यासाठी मेलोट्रॉनच्या गाण्यांवर भरवसा ठेवू नका, ते यंत्र मुळातच हलतं. ‘अ रोझ फॉर एमिली’ लावा. नुसता पियानो आहे, दर १.८ सेकंदांनी, म्हणजे तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला, सूर झोका घेत असेल तर रेकॉर्ड परत करा.

दुसरी, आतल्या खाचा. ३३⅓ फेऱ्यांवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत येईतो ती २० ते २५वर येते. तेवढ्याच जागेत जास्त आवाज कोंबला जातो आणि ‘स’, ‘श’ फाटायला लागतात. ‘टाइम ऑफ द सीझन’ नेमकं दुसऱ्या बाजूच्या शेवटी आहे आणि जुन्या मालकांनी सर्वांत जास्त वाजवलेलंही तेच. बाजू सतरा-अठरा मिनिटांचीच असल्याने छपाई चांगली असेल तर त्रास कमी होतो. एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई आणि नीट जुळवलेलं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल तर आणखी कमी.

तिसरी, मोनो रेकॉर्ड वाजवताना ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. मोनो खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो; उभी हालचाल म्हणजे नुसती धूळ आणि झीज, ती बटणाने कटते. उलट दिशेने मात्र जपा: फक्त मोनोसाठी बनलेली जुनी, ताठ कार्ट्रिज स्टिरिओ रेकॉर्डवर लावली तर खाच खरवडून निघते.

पहिली ब्रिटिश छपाई सीबीएस ६३२८० या क्रमांकाची, स्टिरिओवर त्याआधी एस हे अक्षर. तिची किंमत शेकडो पौंडांत जाते आणि ती संग्राहकांची हौस आहे, ऐकणाऱ्याची गरज नव्हे. टेरी क्वर्क या व्हाइटच्या घरसोबत्याने काढलेल्या मुखपृष्ठावर ‘ओडेसी’चं स्पेलिंग चुकलेलं आहे, ते सगळ्याच आवृत्त्यांवर तसंच आहे, तेव्हा ‘दुर्मिळ छपाईदोष’ म्हणून कोणी भाव वाढवून सांगू लागला तर पुढच्या दुकानात जा. अमेरिकेतली डेट टीईएस ४०१३ बरीच स्वस्त मिळते, पण ती स्टिरिओ. घ्यायचीच असेल तर दुकानात दुसरी बाजू लावून शेवटचं गाणं पूर्ण ऐका. पहिल्या उच्छ्वासातच खरखर लागली, तर मुखपृष्ठ कितीही कोरं असो, पैशांचं पाकीट बाहेर काढू नका.